फ्रिजसमोरचा पाट

“मग सही अडली कुठे, उस्ताद?”

श्रेणिक आरवाडेने तिसऱ्यांदा विचारलं.

समोर दस्तगीर मुजावर, म्हणजे दस्तगीर उस्ताद, पाण्याच्या पंपाच्या एका जळक्या मोटारीतली तार उलगडत बसले होते. तार सुटत होती, तोंड सुटत नव्हतं.

“अहवालात चौऱ्याऐंशी रकाने आहेत,” श्रेणिक म्हणाला. “चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी बरोबर. एक लाल खूण दाखवा.”

उस्तादांनी अहवाल हातात घेतला. उघडला नाही. भाजीवाल्याकडची पालकाची जुडी जोखावी तसा वरखाली केला.

“कागद भारी आहे.”

“शंभर जीएसएमचा आहे.”

“असणार.”

... आणि पुन्हा तार.

दस्तगीर उस्तादांबद्दल मिरजेत जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं त्याहून मोठं आहे. म्हणे, एका लग्नात मांडवाच्या दारातच ते थबकले आणि म्हणाले, डावीकडून तिसरा दिवा शेवटच्या ‘सावधान’ला जाईल. गेला. म्हणे, एका कावळ्याला त्यांनी या तारेवरून हाकलून त्या तारेवर बसवलं, आणि पहिली तार पाच मिनिटांत तुटून पडली. तो कावळा अजूनही रोज दुकानासमोर येऊन बसतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवतात. पाहुणे भोळे असले की दोन कावळे दाखवतात.

अशा माणसाच्या हाताखाली श्रेणिक दोन वर्षं होता. डिप्लोमाला पहिला आलेला. मेगर, मल्टिमीटर, क्लॅम्पमीटर, सगळं स्वतःचं, सगळं कव्हरात. त्याचा स्वतःचा वीजतपासणीचा परवाना यायचा होता, म्हणून अहवाल त्याचा आणि सही उस्तादांची, असं चालायचं. पण जंगमकाकूंचं घर त्याने पहिल्यांदाच एकट्याने तपासलं होतं. उस्ताद म्हणाले होते, “हे घर तुझं. मी फक्त पेन उघडणार.”

पेन उघडत नव्हतं.

आणि घर साधं नव्हतं. मालन जंगम, सगळ्या गल्लीच्या जंगमकाकू, जूनमध्ये तिथे पाळणाघर काढणार होत्या. अकरा मुलांची नावं येऊन पडली होती. वीज सुरक्षित आहे असा अहवाल लागणार होता. तो आला तर पाळणाघर, नाहीतर कुलूप.

“जंगमकाकूंनी काय दिलं?” उस्तादांनी एकदम विचारलं.

“कशाचं काय?”

“खायला, प्यायला.”

श्रेणिक ताठ झाला. “तपासणीच्या घरात मी पाणीसुद्धा घेत नाही. तुम्हाला माहीत आहे. आज चहा, उद्या नाष्टा, परवा तोंड बंद.”

“चहा नाही घेतलास?”

“नाही.”

“... मग घर बघितलंच नाहीस की.”

आणि उस्ताद उठले. हातातली तार खुंटीला अडकवली आणि टोपी घातली. मीटर घेतलं नाही, टेस्टर घेतला नाही. एक रुमाल होता, तो घाम पुसायला.

श्रेणिकने हत्यारांची पेटी उचलली. मनात म्हणाला, चला. आज उस्तादही शिकतील काहीतरी.

*

काकूंच्या दारात उस्तादांनी चपला काढल्या.

श्रेणिक बुटांसह आत गेला. “सेफ्टी शूज आहेत,” तो म्हणाला. “तपासताना काढायचे नसतात. नियम आहे.”

“असू दे की.”

काकूंनी बुटांकडे पाहिलं. नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे पाहिलं.

“साहेब, परत आलात? काही राहिलं का?”

“राहिलं, मालनताई,” उस्ताद म्हणाले. “तुमचा चहा राहिला.”

काकूंचा चेहरा दिवा लावल्यासारखा झाला. “बसा की चाचा. आलं घालते.”

उस्ताद स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले, जिथून ओटा दिसतो, फ्रिज दिसतो आणि माणूसही दिसतं. श्रेणिक उभा राहिला. छताकडे, स्विचबोर्डाकडे, तारांच्या पट्टीकडे पाहत होता. ओळखीचं होतं सगळं. सॉकेटची उंची त्याला सेंटीमीटरमध्ये पाठ होती.

भांडं गॅसवर चढलं. आलं ठेचलं गेलं. दूध आलं. चहा उकळला.

कप पुढे आला. श्रेणिकने हात जोडले. “मी नाही घेत, काकू.”

उस्तादांनी बशीत ओतून घेतला. फुंकर मारली.

“दूध आलं?” त्यांनी विचारलं.

“कुठे?”

“चहात.”

“आलं की.”

“कसं आलं?”

“... फ्रिजमधून.”

उस्तादांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बशी खाली ठेवली.

“मालनताई, फार झकास झालाय. अजून एकदा टाका. जरा दुधाचा.”

काकू हसल्या. परत उठल्या.

या खेपेला श्रेणिकला छताकडे बघायची हिंमत झाली नाही.

काकू फ्रिजपाशी गेल्या. डाव्या पायाने ओट्याखालून एक लाकडी पाट बाहेर ओढला. त्यावर चढल्या. पदराचं टोक उजव्या हाताला गुंडाळलं. दार उघडलं, दुधाचं पातेलं घेतलं, पदर धरलेल्या हातानेच दार लोटलं. उतरल्या. पाट पायाने परत आत सरकवला. देवळावरून जाताना माणूस मान लववतो, स्वतःलाही कळत नाही, इतक्या सहज.

पाट.

श्रेणिकला आठवलं. त्या दिवशीही हा पाट मध्ये आला होता. सॉकेटची उंची मोजायला अडचण होत होती. त्याने तो बुटाच्या टोकाने बाजूला केला होता.

“काकू... तो पाट कशाला?”

“कुठला? हा होय. सवय आहे.”

“कसली?”

“फरशी गार लागते.”

मे महिना होता. मिरजेत मे महिन्यात फरशीवर भाकरी टाकली तर फुगते, असं सांगणारी माणसं आहेत. त्यातली दोन त्या क्षणी त्या स्वयंपाकघरात होती, आणि दोघंही काकूंच्या पायांकडे बघत होती.

गॅसवर चहा उतू यायला लागला. काकूंनी तो बारीक केला.

“खरं सांगू का साहेब,” त्या हळूच म्हणाल्या, “त्याला हात लावला की मुंग्या येतात जरा. पाय ओले असले की जास्त. जुना आहे ना. मी काही त्याच्या वाटेला जात नाही, तोही माझ्या जात नाही. पाट आहे मध्ये.”

श्रेणिकने बटण बंद केलं, फ्रिजच्या मागे हात घातला आणि प्लग ओढून काढला.

दोन पिना. वरची, जाडी, अर्थिंगची पिन जिथे असायची तिथे एक चकचकीत ठिपका. बुडापासून, अगदी सफाईने, कापलेली.

“ही कुणी...”

“ह्यांनी,” काकू म्हणाल्या. नवऱ्याचं कौतुक आवाजात होतं. “मीटरपाशी ती नवी पेटी बसवली ना, ती सारखी ट्रिप व्हायची. दिवसातून दहादा. पंखा बंद, टीव्ही बंद. ह्यांनी दोन दिवस बसून शोधून काढलं, फ्रिजमुळे होतंय. कुणीतरी सांगितलं, ती जाडी पिन उडवा. उडवली. तेव्हापासून बघा, एकदाही पडली नाही.”

ती पेटी, आरसीसीबी, श्रेणिकच्या तक्त्यात एकविसाव्या रकान्यात होती. वीज कुठे गळाली की क्षणात पुरवठा तोडायचा, एवढंच तिचं काम. तिचं बटण त्याने स्वतः तीनदा दाबून पाहिलं होतं. तीनदा खट् वाजलं होतं. पेटीत काहीच खोट नव्हती. फ्रिजमधली गळती अर्थिंगच्या पिनेतून जात होती, तोवर ती दिवसातून दहादा ओरडून सांगत होती. पिन गेली आणि तिला कळणं बंद झालं. गळती फ्रिजच्या पत्र्यावर येऊन थांबली, कुणीतरी हात लावायची वाट बघत. घराला शांतता मिळाली.

“पण त्या दिवशी मला हा प्लग कसा दिसला नाही?”

“दिसणार कसा? तुम्हीच फोनवर सांगितलंत ना, सगळ्या वस्तू काढून ठेवा म्हणून. मी आदल्या रात्रीच फ्रिज रिकामा केला, पुसला, वायरची छान गुंडाळी करून मागे बांधून ठेवली.” काकू थोड्या लाजल्या. “साहेब येणार म्हटल्यावर...”

श्रेणिकने प्लग तळहातावर उलटा केला, सुलटा केला.

“उस्ताद,” तो म्हणाला, “मेगर लावून तारांचं इन्सुलेशन तपासताना सगळ्या वस्तूंचे प्लग काढूनच ठेवायचे असतात.”

“बरोबर.”

“सॉकेटच्या पुढचं तक्त्यात येत नाही.”

“नाही येत.”

“म्हणजे नियमाने माझं काही चुकलं नाही.”

“काही नाही चुकलं.”

उस्तादांनी एकदा तरी ‘चुकलं’ म्हणायला हवं होतं. ते शांतपणे बशी भरत होते.

श्रेणिक फ्रिजच्या दाराकडे बघत राहिला. दाराची मूठ खाली होती. तीन वर्षांच्या मुलाचा हात बरोबर पोचेल इतकी खाली. अशी मूठ मुलं एका हाताने ओढत नाहीत, दोन्ही हातांनी ओढतात. मोरीतून पाय धुऊन, ओल्या पायांनी येतात.

काकूंकडे एक पाट होता.

अकरा पाट कुठून आणायचे?

त्याने हत्यारांच्या पेटीतून नवा प्लग काढला, तीन पिनांचा. तारा सोलल्या, स्क्रू कसले. सॉकेटमध्ये घातला. काकूंना लांब उभं केलं आणि बटण दाबलं.

खट्.

पंखा मंदावला. थांबला. घर गपगार.

“बघा,” काकू कपाळावर हात मारत म्हणाल्या. “सुरू झालं परत त्याचं.”

उस्तादांनी डोळे मिटले होते. गाण्याच्या बैठकीत चांगली जागा आली की जाणकार मिटतात तसे.

“पेटी किती गोड बोलते,” ते म्हणाले.

*

फ्रिज दुरुस्तीला गेला. कॉम्प्रेसरपाशी एक तार पत्र्याला घासून घासून उघडी पडली होती. ती बदलली. फ्रिज परत आला, तीन पिनांनी सॉकेटमध्ये बसला, आणि मीटरपाशची पेटी मुकाट राहिली. श्रेणिकने पत्र्यावर मीटर लावून पाहिलं. एकदा काकूंसमोर, एकदा काकूंच्या यजमानांसमोर, एकदा कुणी नसताना. शून्य. मग मिक्सर, इस्त्री, कूलर, पाणी उपसायची मोटर, घरातला एकूण एक प्लग उपसून पाहिला.

तक्त्यात पंच्याऐंशीवा रकाना आला. अहवाल नव्याने छापला. कागद तोच, शंभर जीएसएमचा.

“आता करा सही,” तो दुकानात म्हणाला. आवाजात जुना ताठपणा परत आला होता, आणि या वेळी त्याला कारणही होतं.

उस्तादांनी अहवाल चाळला. शेवटचा रकाना दोनदा वाचला. मान हलवली.

“चांगलं आहे.”

“मग?”

“तो पाट घेऊन ये.”

“... पाट?”

“पाट.”

अर्ध्या तासात श्रेणिक पाट काखेत मारून हजर. धापा टाकत. बाहेर कावळा बसला होता, तो दोन पावलं सरकला.

“दिला, की मागितलास?” उस्तादांनी विचारलं.

“... मागितला.”

“परत ठेवून ये.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणिक काकूंच्या दारात उभा राहिला. हत्यारांची पेटी नव्हती. थोडा वेळ घुटमळला. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

“चहा मिळेल का, काकू?”

काकूंना आधी खरंच वाटलं नाही. मग लगबगीने उठल्या. आणि फ्रिजसमोर येताच डाव्या पायाने पाट ओढला.

“काकू, आता करंट येत नाही.”

“माहीत आहे की. तुम्ही दाखवलंत ना मशीनवर.”

“मग पाट कशाला?”

काकूंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते पाटावर होते.

“मला कळलंय साहेब,” त्या म्हणाल्या. “पायांना कळायचंय अजून.”

श्रेणिकने चहा घेतला. तोंड भाजलं. सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्याने समजावून सांगितलं. अर्थिंग म्हणजे काय, गळती म्हणजे काय, कागदावर चित्र काढून. काकूंनी ‘हो हो’ म्हणत सगळं ऐकलं, चित्राचं कौतुक केलं, आणि पाटावर चढून दूध काढलं.

चौथ्या दिवशी त्याने समजावणं सोडलं. मोरीत गेला, पाय धुतले, न पुसता आला आणि फ्रिजपुढे अनवाणी उभा राहिला. मीटरवर शून्य होतं, ते त्याने आल्याआल्याच पाहिलं होतं. तरी तळहात दारावर ठेवायच्या आधी हात एकदा थांबला. नजर न सांगता पाटाकडे गेली.

काकूंनी ती पाहिली.

“कळलं?” त्या म्हणाल्या.

“... कळलं.”

त्याने तळहात दारावर टेकवला. गार पत्रा. बाकी काही नाही. दूध काढलं. काकू पदर तोंडाशी धरून बघत होत्या.

पाचव्या दिवशीही दूध त्यानेच काढलं. सहाव्या दिवशीही. फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे मोरीपासून फ्रिजपर्यंत उठायचे आणि काकू ते पुसायच्या नाहीत.

सातव्या दिवशी काकूंनी पाट ओढला, पण चढल्या नाहीत. एक पाय पाटावर, एक खाली. श्रेणिकने कपात तोंड घातलं. बघतोय असं दिसता कामा नये, एवढं तो आता शिकला होता.

आठव्या दिवशी पाट पुन्हा होता. दोन्ही पायांखाली. त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

दुकानात उस्ताद काही विचारत नव्हते. अहवाल खिळ्याला टांगला होता. त्यावर मोटारीची काजळी बसायला लागली होती.

नवव्या दिवशी तो गेला तेव्हा काकू फोनवर होत्या. मानेत आणि खांद्यात फोन धरलेला, हातात तांदूळ धुतलेलं पातेलं, कोपरांवरून पायांवर पाणी ओघळत होतं.

“नाही हो, डब्यात तिखट देऊ नका... मी करते की खिमट... नाव काय म्हणालात, रेवा? रेवा झोपते का दुपारची?”

पातेलं ओट्यावर ठेवलं. बोलता बोलता वळल्या. ओल्या पायांनी, ओल्या हाताने, फ्रिजची मूठ धरली आणि दार उघडलं.



“मग घेऊन या जूनच्या पहिल्या सोमवारी,” काकू फोनवर म्हणाल्या. दूध काढलं. कोपराने दार लोटलं. उघड्या, ओल्या कोपराने. “अरे श्रेणिक, कधी आलास? साखर किती घालू?”

नऊ दिवसांत तो पहिल्यांदाच साहेब नव्हता.

“... घाला किती पण.”

त्याने ओट्याखाली पाहिलं. पाट नव्हता. तो गॅलरीत होता, उन्हात, आणि त्याच्यावर ओळीने सांडगे वाळत होते.

*

दुकानात आला तेव्हा उस्ताद मोटारीत नवी तार भरत होते. शेवटचे वेढे चालले होते.

श्रेणिकने खिळ्यावरचा अहवाल काढला, काजळी झटकली आणि पुढे ठेवला. आकडे सांगितले नाहीत. रकाने मोजून दाखवले नाहीत.

“पाट?” उस्ताद म्हणाले.

“नाही आणता आला. काकूंनी त्यावर सांडगे घातलेत.”

उस्तादांचे हात थांबले.

तारेचं टोक त्यांनी दाताखाली धरलं, गाठ मारली. रुमालाला बोटं पुसली. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. अहवाल मांडीवर घेतला, आणि न वाचता शेवटचं पान काढलं.

‘दस्तगीर’ लिहून झालं. ‘मुजावर’च्या आधी पेन कागदावरच थांबलं. त्यांनी मान वर केली.

“आणि चहा कसा होता?”